उपाशी पायांतलं पाणी

घोट्याच्या जरा वर, नडगीवर अंगठा दाबून धरायचा आणि सोडायचा. धडधाकट माणसाची कातडी लगेच वर येते. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या माणसाच्या पायावर मात्र खळगा तसाच राहतो, मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा. वर बरगड्या मोजून घ्याव्यात, गालफडं बसलेली, आणि खाली पाय सुजून टम्म. दुष्काळ पाहिलेल्या प्रत्येक पिढीला हे दृश्य ठाऊक होतं. पहिल्या महायुद्धात युरोपात ते इतकं सर्रास झालं की डॉक्टर त्याला ‘युद्धसूज’च म्हणू लागले. पण उपाशी शरीर पाणी किती धरतं आणि वजनाच्या काट्याला कसं चकवतं, हे नीट मोजलं गेलं ते अमेरिकेतल्या एका फुटबॉल स्टेडियमच्या पोटात.

साल १९४४. युरोपात युद्ध संपत आलेलं, आणि उपासमारीतून वाचलेल्या लाखो लोकांना पुन्हा खाऊ कसं घालायचं हे कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठातल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांची प्रयोगशाळा मिनिॲपोलिसच्या मेमोरियल स्टेडियमच्या प्रेक्षागॅलरीखाली होती. अमेरिकी सैनिकांच्या ‘के रेशन’ या डबाबंद शिध्यामागे हेच कीज. त्यांनी छत्तीस तरुण निवडले. सगळे युद्धाला सदसद्विवेकबुद्धीने नकार दिलेले. क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरन अशा शांतिवादी पंथांतले बरेच. बंदूक धरणार नाही, पण जगासाठी उपाशी राहू, असं म्हणणारी ही मंडळी. त्यांतलेच एक मॅक्स कॅम्पेलमन प्रयोग चालू असतानाच कायद्याचा अभ्यास करत होते. पुढे शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाशी शस्त्रकपातीच्या वाटाघाटी त्यांनी केल्या.

पहिले बारा आठवडे पोटभर जेवण. मग फेब्रुवारी १९४५ पासून चोवीस आठवडे रोजच्या जेमतेम १६०० कॅलरी, तेही दोनच जेवणांत: बटाटे, सलगमसारखे कंद, जाडाभरडा पाव, मॅकरोनी. आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालणं सक्तीचं. वजन साधारण चौथ्या हिश्श्याने उतरवायचं होतं. त्यासाठी प्रत्येकाच्या वजनाचा एक उतरता आलेख आधीच काढून ठेवला होता: सुरुवातीला खडा उतार, शेवटी जवळजवळ सपाट. आठवड्याच्या शेवटी पुढच्या आठवड्याचा शिधा जाहीर व्हायचा. आलेखापेक्षा वजन जास्त भरलं तर पावाचे तुकडे कमी, कमी भरलं तर जास्त.

इथेच खरी गंमत, किंवा खरं तर क्रौर्य. काट्याला चरबी आणि पाणी यांतला फरक कळत नाही. ज्याच्या घोट्यांत आणि गुडघ्यांत पाणी साठलं त्याचं वजन घटलेलं दिसत नाही, आणि न घटलेल्या वजनाची शिक्षा म्हणजे ताटातला पाव कमी.

आज कुणी ‘मी इतकं कमी खातो तरी वजन हलत नाही’ म्हटलं की समोरच्याच्या मनात पहिली शंका येते ती चोरून खाण्याची. ती अगदीच निराधार नाही. १९९२ साली अमेरिकेत अशाच तक्रारी करणाऱ्या काही जणांचं खाणं शास्त्रीय पद्धतीने तपासलं तेव्हा ते सांगत होते त्याच्या जवळपास दुप्पट खात होते. खोटारडेपणाने नव्हे, अंदाज चुकल्यामुळे. मिनेसोटातही चोरीचे प्रकार झाले. त्यानंतर बाहेर पडताना सोबतीला जोडीदार घेणं सक्तीचं केलं गेलं, आणि अखेर बत्तीस जणांचेच आकडे ग्राह्य धरले. पण या बत्तीस जणांचा घास न् घास मोजलेला होता. म्हणून त्यांच्या पायांवरची सूज ही कुणाची सबब नव्हती.

त्यांच्या शरीरात दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. पहिली म्हणजे शरीराने खर्च आटवला. स्वस्थ पडून असतानाही लागणारी ऊर्जा जवळपास चाळीस टक्क्यांनी उतरली. नाडीचे मिनिटाला पंचावन्न ठोके पडायचे, ते पस्तिसाच्या आसपास आले. उन्हाळ्यातही मुलं थंडीने कुडकुडायची, बूड टेकायला उशी घ्यायची. दुसरी गोष्ट पाण्याची. चरबी वितळत होती, स्नायू झडत होते, पण पेशींच्या बाहेरचं पाणी त्या प्रमाणात हटत नव्हतं. सुरुवातीला ते वजनाच्या सुमारे पाव हिश्श्याइतकं होतं, शेवटी तिसऱ्या हिश्श्यावर गेलं. घर रिकामं होत गेलं तरी हौदातलं पाणी तेवढंच, असा हा प्रकार. आधी वाटायचं की रक्तातली प्रथिनं घटल्यामुळे सूज येते. पण कीज यांच्या मोजमापात प्रथिनं फारशी घटलेली नव्हती, तरी घोटे सुजलेच होते. शिवाय भुकेलेले तरुण ताटातल्या अन्नात पाणी घालून त्याचं सूप करायचे, त्यावर मीठ भुरभुरायचे, पोट भरल्याचा भास व्हावा म्हणून. चहा-कॉफीचे पेल्यावर पेले रिचवायचे, इतके की कॉफीवर मर्यादा घालावी लागली.

प्रयोग मध्यावर आला तेव्हाचा एक प्रसंग वजनाविषयी लिहिणारे लोक हमखास सांगतात. त्या दिवशी सगळ्यांना एक भरपेट जेवण मिळालं. रात्रभर मुलं लघवीला उठत राहिली आणि सकाळी काट्यावर उभी राहिली तर वजन उतरलेलं. खाल्ल्यावर वजन कमी! आजच्या आहारप्रेमी मंडळींनी यावर एक सिद्धान्त रचला आहे: चरबीच्या पेशी रिकाम्या झाल्या की आधी पाण्याने भरतात आणि मग एकदम रित्या होतात. मला तो पटत नाही. असं होत असल्याचा धड पुरावा नाही, आणि पाणी पेशींच्या आत नव्हे तर बाहेरच्या जागेत साठतं. बरंच साधं स्पष्टीकरण असं की भुकेचा ताण शरीरात कॉर्टिसॉल वाढवतो आणि कॉर्टिसॉल मूत्रपिंडांना मीठ-पाणी धरून ठेवायला लावू शकतं; पोट भरून ताण उतरला की ते पाणी सुटत असावं. २०१० साली १२१ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात तीन आठवडे १२०० कॅलरीवर राहिलेल्यांचं कॉर्टिसॉल वाढलेलं आढळलं.

घरच्या काट्यावरही हाच खेळ चालतो, फक्त लहान प्रमाणात. समजा रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, तेव्हा दिवसाला चरबी झडली साधारण ६५ ग्रॅम. तीन दिवसांची कमाई म्हणजे पेलाभर पाण्याएवढी! आणि पेलाभर पाणी तर आदल्या रात्रीच्या लोणच्या-पापडाने सहज अंगात राहतं, पाळीच्या आधीच्या दिवसांत त्याहून जास्त राहतं. उलट आहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलो झपाट्याने उतरतात तेव्हा हुरळून जाण्यासारखं फारसं काही नसतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा संपला की पाणी वाहून जातं. मग एखाद्या लग्नाच्या पंगतीत जिलेबी-मठ्ठा झाला की दोन्ही परत. नऊ दिवसांच्या नवरात्रात साबुदाणा खाऊन वजन वाढल्याची तक्रार करणाऱ्यांनी मात्र वरची सूज-बीज कारणं शोधू नयेत. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपल्याकडे फार आधी कळलेलं आहे.

पुन्हा स्टेडियमकडे. जुलै १९४५ च्या अखेरीस उपासमार थांबली आणि सरासरी वजन ६९ किलोंवरून ५३ वर आलेल्या त्या मुलांना जास्तीचं अन्न सुरू झालं, कुणाला ४०० कॅलरी जास्त, कुणाला १६०० पर्यंत. कमी मिळणाऱ्यांचा काटा सुरुवातीला हलेचना. अंगावर मांस चढत होतं आणि त्याच वेगाने सूज उतरत होती. उपासमारीत वजनाने घट लपवली, आता तेच वजन सुधारणा लपवत होतं. पुढे बंधनं उठल्यावर काही जण दिवसाला पाच हजारांवर कॅलरी खाऊ लागले, तरी भूक भागेना. बऱ्याच जणांच्या अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी चढली. हे सगळं १९५० साली दोन जाडजूड खंडांत छापून आलं.

त्याच्या आधीच, १९३० च्या दशकात, आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये म्हणजे आजच्या घानात सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी सुजलेल्या मुलांच्या आजाराला तिथल्याच गा भाषेतलं नाव दिलं: क्वाशिओरकर. पाठचं भावंड आलं की अंगावरचं दूध सुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. हे मूल गोबरं दिसतं, वजनही बरं भरतं. म्हणूनच आता नियम आहे की दोन्ही पायांवर अंगठ्याने खळगा पडत असेल तर काटा काहीही सांगो, मूल तीव्र कुपोषितच धरायचं. अंगणवाडीच्या भाषेत ‘सॅम’. अशा मुलाला भरती करून हळूहळू दूध-खाऊ सुरू केला की पहिल्या काही दिवसांत वजन चढत नाही, उतरतं. आई घाबरते, आणि तिचं घाबरणं साहजिकच आहे. नर्स मग काट्याकडे न बघता पोराच्या दोन्ही पावलांवर अंगठे ठेवते, तीन सेकंद दाबते आणि उचलते. खळगा कालच्यापेक्षा उथळ असतो.