बारावीनंतर विज्ञान (लेखांक ४) : पहिल्या वर्षाच्या वर्गावर कोण येतं?

मागच्या लेखांकात आपण प्रवेश परीक्षांबद्दल बोललो. निकाल हातात आला की घरात पुढचा प्रश्न उभा राहतो. आयसरसारख्या (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) संशोधन संस्थेत जायचं, की आपल्याच शहरातल्या चांगल्या कॉलेजात बीएस्सी करायची? बहुतेक घरांत हा प्रश्न संस्थेच्या नावावरच निकालात निघतो. खरं तर आधी हे विचारायला हवं, की शिकवणं आणि संशोधन ही दोन कामं आपल्याकडे वेगवेगळ्या इमारतींत गेलीच कशी?

१८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदवी देई; शिकवायचं ते कॉलेजांनी. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची मुभा मिळाली, पण पुढे विभाग निघाले ते मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणाचे. पदवीचा विद्यार्थी संलग्न कॉलेजातच राहिला.

तरीही काही माणसांमुळे ही वाटणी काही काळ जाणवली नाही. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज पाहा. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, ठरलेले र. पु. परांजपे हे कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून परत आले आणि इथे गणित शिकवू लागले. पुढे ते प्राचार्य झाले. १९३० च्या दशकात त्याच कॉलेजात हार्वर्डहून शिकून आलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढण्याचं त्यांचं सूत्र ते फर्ग्युसनमध्ये असतानाचंच. आजही आनुवंशशास्त्राच्या पुस्तकांत ते त्यांच्याच नावाने शिकवलं जातं. १९४३ च्या त्यांच्या एका शोधनिबंधातली कल्पना आज कोसंबी-कारहुनेन-लोव्ह प्रमेय म्हणून ओळखली जाते. एवढं काम करणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पदवीच्या वर्गावर फळ्यासमोर उभा राहत होता.

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली आणि कोसंबी तिकडे गेले. त्या संस्थेत पदवीचे वर्ग नव्हते. पुढच्या काळात सीएसआयआरच्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) प्रयोगशाळांचं जाळं वाढलं. त्यांतलीच पुण्यात पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची. देशाला या संस्थांची गरज होती, यात शंका नाही. पण त्यांची किंमत कॉलेजांनी मोजली, असं माझं स्पष्ट मत आहे. संशोधनाचा पैसा, उपकरणं आणि माणसं तिकडे गेली. अठरा वर्षांची मुलं इकडे राहिली.

ही चूक दुरुस्त करायला २००६ साल उजाडलं. त्या वर्षी पुणे आणि कोलकात्यात आयसर निघाल्या. पाच वर्षांचा बीएस-एमएस, आणि शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष संशोधन. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनेही २०११ मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. अशा ठिकाणी प्रश्नाचं उत्तर अजून कुणालाच माहीत नसतं म्हणजे काय, हे मुलाला लवकर कळतं. पण तिथल्या प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांवर बरीच अवलंबून असते. पीएचडीचे विद्यार्थी आणि प्रकल्पांचा निधी त्याचा वेळ खातात. मोठ्या वर्गात मागे पडलेल्या मुलाकडे कुणाचं लक्ष जाईलच, याची खात्री नाही.

मग 'शिकवणारं' कॉलेज तरी शिकवायला मोकळं आहे का? अमेरिकेतल्या स्वार्थमोर किंवा हार्वी मड कॉलेजात फक्त पदवीचे विद्यार्थी असतात आणि प्राध्यापक त्यांनाच हाताशी घेऊन संशोधन करतात. आपल्या संलग्न कॉलेजातल्या शिक्षकाला अभ्यासक्रम विद्यापीठाकडून येतो, अंतिम प्रश्नपत्रिकाही बहुधा तिकडूनच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमाने सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. वर कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठीची कागदपत्रं. अनेक विषय तर सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, शिक्षकांवर चालतात. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने मुलांच्या शंकांसाठी थांबायचं कसं? राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून यूजीसीने पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनाची संधी दिली आहे. शिक्षक आणि प्रयोगशाळा पुरवल्याशिवाय ते वर्ष प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखंच होईल : उतरवून काढायचं आणि सही घ्यायची.

आयसर मिळाली नाही म्हणून दार बंद होत नाही. १९९३ पासून चालणारी गणिताची एमटीटीएस शिबिरं, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा एनआययूएस उपक्रम, विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या या साध्या कॉलेजातल्या मुलांसाठीही आहेत. कित्येक कॉलेजांत हे कुणी सांगतच नाही.

म्हणून पालकांनो, प्रवेश घेण्याआधी एक दिवस काढा आणि मुलाला घेऊन त्या संस्थेत जा. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तीन गोष्टी विचारा : पहिल्या वर्षाला कोण शिकवतं, तास संपल्यावर ते भेटतात का, आणि प्रयोगशाळेत उपकरणाला स्वतः हात लावायला मिळतो का.