सरासरीत न मावणारा संदीप

गणिताचा शिक्षक म्हणून भिवंडीत मी कित्येक वर्षं मुलांना सरासरी शिकवली. वर्गातली निम्मी मुलं यंत्रमाग कामगारांच्या घरची. बापानं आठवड्यात विणलेलं मीटर किंवा क्रिकेटमधल्या धावा असं उदाहरण घेतलं, की त्यांना गणित चटकन कळे. एकदा एका मुलानं विचारलं, "सर, एकानं दहाही डावांत तीस-तीस केले. दुसरा नऊ डावांत शून्यावर गेला आणि दहाव्यात त्यानं तीनशे केले. दोघं सारखेच का?" मी म्हणालो, "सरासरी सारखीच." मुलगा खाली बसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. आता वाटतं, तो प्रश्न गणिताचा नव्हताच. तो संदीप पाटीलचा होता.

शिवाजी पार्कवर वाढलेल्या संदीपची कसोटीतली कमाई अशी: २९ सामने, ४७ डाव, १५८८ धावा, सरासरी ३६.९३. चांगला, पण थोर नव्हे, असं हा आकडा सांगतो. आता जरा आकड्याच्या पोटात शिरू. त्याची शतकं चार: १७४, नाबाद १२९, नाबाद ११४ आणि १२७. बेरीज ५४४. ती बाजूला काढली, तर उरलेल्या ४३ डावांत १०४४ धावा राहतात आणि सरासरी पंचविसाच्या जरा वर येते. म्हणजे ३६.९३ हा माणूस मैदानावर कधी उतरलाच नाही. उतरायचा तो कधी पंचविसाचा, तर कधी दीडशेचा.

पण ते दीडशे कधी आले, हेही पाहायला हवं. जानेवारी १९८१ मध्ये सिडनीला तो ६५ वर खेळत असताना लेन पास्कोचा उसळता चेंडू त्याच्या कानावर बसला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याला मैदान सोडावं लागलं. सामना भारतानं गमावला. तीन आठवड्यांनी अ‍ॅडलेडला तेच गोलंदाज समोर होते: लिली, हॉग, पास्को. या वेळी हेल्मेट घालून उतरलेल्या संदीपनं १७४ ठोकले. ऑस्ट्रेलियाच्या ५२८ धावांना भारतानं ४१९ नी उत्तर दिलं. तरीही शेवटच्या दिवशी आपण ८ बाद १३५ वर कसेबसे वाचलो. ते १७४ नसते, तर हा सामना हातचा गेला असता. मग मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला ८३ धावांत गुंडाळून आपण मालिका १-१ अशी सोडवली, ती बरोबरीही साधली नसती.

पुढच्या वर्षी मँचेस्टरला त्यानं बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले. १९८३ च्या विश्वचषकात त्याच मैदानावर, त्याच विलिसच्या इंग्लंडविरुद्ध उपान्त्य सामन्यात ३२ चेंडूंत नाबाद ५१ केले. कपिलचे १७५ आपल्याला तोंडपाठ असतात. हे ५१ मात्र आठवून सांगावे लागतात.

असा माणूस प्रत्येक खेळात असतो. मुष्टियुद्धात अमेरिकेचा अर्नी शेव्हर्स होता. १९७३ मध्ये जेरी क्वारीनं त्याला पहिल्याच फेरीत झोपवलं. १९७७ मध्ये मात्र महंमद अलीसमोर तो पंधरा फेऱ्या उभा राहिला आणि हरला तो केवळ गुणांवर. १९७९ मध्ये त्यानं जगज्जेत्या लॅरी होम्सला सातव्या फेरीत एका ठोशात खाली पाडलं. होम्स उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला. शेव्हर्स जगज्जेता कधीच झाला नाही. पण त्याच्या ठोशाविषयी अली आणि होम्स पुढेही आदरानं बोलत राहिले. अशा माणसाचं मोल त्याच्या जयपराजयाच्या तक्त्यात शोधू नये. ज्यांनी मार खाल्ला, त्यांना विचारावं.

आता माझी चूक सांगतो. डिसेंबर १९८४ मध्ये दिल्लीला कसोटी वाचवायची असताना संदीप ४१ वर उंच फटका मारून झेलबाद झाला. कपिलही तसाच गेला. भारत हरला आणि दोघांनाही पुढच्या सामन्यातून वगळलं. शिक्षकांच्या खोलीत मी म्हणालो, "बरं झालं. बेजबाबदार माणूस." कपिल एका कसोटीनंतर परत आला. संदीप कसोटीत पुन्हा दिसला नाही. कोलकात्यात अझरुद्दीन आला, त्यानं पहिल्या तिन्ही कसोटींत शतकं केली, आणि आम्ही संदीपला विसरून गेलो. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी फैसलाबादला त्यानं १२७ केले होते, हे माझ्यासारख्या आकडेमोड करणाऱ्याच्याही ध्यानात राहिलं नाही. तो तेव्हा अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता.

फटका चुकीचा होता, यात शंका नाही. अकरा संदीप घेऊन कसोटी वाचवता येत नाही. त्यासाठी गावसकर लागतो. पण अ‍ॅडलेडला ज्या धाडसाला आपण टाळ्या वाजवल्या, दिल्लीत त्यालाच बेजबाबदारपणा म्हणालो. हात तेच होते. एकदा चेंडू सीमेपार गेला, एकदा क्षेत्ररक्षकाच्या हातात.

पुढे हाच माणूस प्रशिक्षक झाला. २००३ च्या विश्वचषकात त्याच्या केनियानं श्रीलंकेला हरवलं आणि उपान्त्य फेरी गाठली. तिथे गाठ पडली ती भारताशीच. आपण जिंकलो, पण केनियाची ती मजल कोणालाच विसरता आली नाही.

कापडाला सरासरी चालते. ताग्याचं पहिलं मीटर आणि शेवटचं मीटर सारखंच हवं, नाहीतर व्यापारी माल परत करतो. माणसाला ते माप पुरत नाही. त्या मुलाला आज उत्तर द्यायचं झालं, तर मी म्हणेन, "नाही रे बाळा, दोघं सारखे नाहीत. आधी सांग, ते तीनशे कुणासमोर केले आणि त्या दिवशी संघाला त्यांची किती गरज होती?"

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)