सकाळची पहिली तलफ एवढी जोरात का येते?

डोंबिवली किंवा कल्याण स्टेशनबाहेरच्या टपऱ्या सकाळी सगळ्यात आधी जाग्या होतात. लोकलमध्ये आणि फलाटावर सिगरेट ओढायला बंदी. त्यामुळे गाडीत चढायच्या आधी एक झुरका, नाहीतर तंबाखूचा एक बार. ठाण्याला उतरलं की पुन्हा तेच. "मनावर घेत नाही म्हणून सुटत नाही," असं घरचे म्हणतात. पण यात मनाइतकाच मेंदूतल्या रिसेप्टर्सचा हात असतो.

रिसेप्टर म्हणजे मेंदूतल्या पेशीवरचं कुलूप. ॲसिटिलकोलीन नावाचं आपल्याच शरीरातलं रसायन ते उघडतं. निकोटिन ही त्याची डुप्लिकेट चावी. सिगरेटच्या धुरातून ती काही सेकंदांतच मेंदूत पोहोचते, कुलूप उघडते आणि डोपामाइन सुटतं. मेंदू नोंद करतो : हे पुन्हा हवं. यातलं मुख्य कुलूप 'अल्फा-४ बीटा-२'. १९९८ साली शास्त्रज्ञांनी बीटा-२ हा भागच नसलेल्या उंदरांवर प्रयोग केला, तेव्हा त्या उंदरांना निकोटिनची ओढ लागलीच नाही.

आता खरी गंमत. सतत निकोटिन मिळालं की ही कुलपं सुस्त होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो. रात्री झोपेत निकोटिन उतरतं, ही वाढीव कुलपं ताजी होतात आणि सकाळी रिकामी असतात. चिडचिड, बेचैनी त्यातूनच येते. पहिल्या झुरक्याने येणारी 'तरतरी' म्हणजे बऱ्याच अंशी ही बेचैनी थांबणं.

मग ठाण्याला पुन्हा तलफ का? रक्तातलं निकोटिन निम्म्यावर यायला साधारण दोन तास लागतात, इथे तर अर्धा तासही झालेला नसतो. ही तलफ जागेची असते. जिना, टपरी, चहाचा वास यांची सांगड मेंदूने डोपामाइनशी घातलेली असते.

महाराष्ट्रात सिगरेट-बिडीपेक्षा तोंडातल्या तंबाखूचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. २०१६-१७ च्या 'गॅट्स' सर्वेक्षणात राज्यातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, ओढणारे चार टक्क्यांच्या आसपास. तंबाखूत चुना मळतात तोही उगाच नाही. चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन तोंडाच्या त्वचेतून सहज रक्तात शिरतं. मिश्री लावणाऱ्या आजीला कुणी व्यसनी म्हणत नाही, पण तिच्या मेंदूतलं कुलूप तेच असतं.

बरी बातमी अशी की वाढलेली कुलपं कायमची नसतात. सिगरेट सोडलेल्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये साधारण ६ ते १२ आठवड्यांत त्यांची संख्या न ओढणाऱ्यांच्या पातळीवर आलेली दिसली. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत घसरलेला माणूस कमकुवत नसतो, त्याचा मेंदू अजून जुन्या हिशेबावर चालत असतो. या काळासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधं मिळतात. व्हॅरेनिक्लिन हे कुलूप अर्धवटच उघडतं आणि निकोटिनला आत शिरू देत नाही. १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन मोफत आहे.

निकोटिन गमही आहे, पण तो च्युइंगमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून गालात धरायचा. आणि कॉफी किंवा कोल्ड्रिंकनंतर निदान पंधरा मिनिटं तरी घ्यायचा नाही. चुन्याच्या नेमकं उलटं होतं : तोंडात आंबटपणा असला की निकोटिन नीट शोषलं जात नाही, आणि "गमने काही होत नाही" म्हणत माणूस परत टपरीकडे वळतो.