फाउस्टिनाच्या नाण्यातलं जस्त

रोमचा सम्राट अँटोनायनस पायस याची पत्नी फाउस्टिना इ.स. 140मध्ये वारली. त्यानंतर तो सुमारे 20 वर्षं जगला आणि त्या काळात टाकसाळीत तिच्या चेहऱ्याची नाणी पडत राहिली. त्यांवर ‘दिवा फाउस्टिना’ अशी अक्षरं आहेत. लॅटिनमधला हा ‘दिवा’ आपल्या ‘देव’ आणि ‘दिव्य’ या शब्दांच्याच कुळातला. मृत्यूनंतर सिनेटने तिला देवी ठरवलं होतं.

यातलं सर्वांत देखणं नाणं सेस्टर्शियस. वजन सुमारे 25 ग्रॅम, आपल्या दहाच्या नाण्याच्या तिपटीहून जास्त. एका बाजूला वेण्या गुंफून डोक्यावर अंबाडा घातलेली सम्राज्ञी. दुसरीकडे कधी हातात कणसं घेतलेली धान्यदेवता सिरिस, कधी शाश्वततेची देवी ईटर्निटास. सम्राज्ञीच्या मुलीचा, धाकट्या फाउस्टिनाचा, अंबाडा मानेवर असतो. अक्षरं झिजली तरी आई कोण आणि लेक कोण, हे केसांवरून कळतं.

या नाण्यांना सरसकट ‘ब्राँझ’ म्हणतात. पण ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. सेस्टर्शियस पितळेचा, म्हणजे तांबं आणि जस्त यांचा. गंमत अशी, की शुद्ध जस्त गाळण्याची रीत रोमनांकडे नव्हती. जस्त 907 अंश सेल्सियसला उकळतं, तांबं मात्र 1085ला वितळतं. उघड्या भट्टीत जस्ताची वाफ होऊन ती जळून जाणार. म्हणून कारागीर तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा झाकणबंद मुशीत तापवत. खनिजातून सुटलेली वाफ घट्ट तांब्यातच मुरत जाई. हाती न लागणारा धातू असा पकडण्याची ही युक्ती मला त्या चेहऱ्यांइतकीच सुंदर वाटते.

मुरलेलं जस्त टिकवणं मात्र कठीण. जुनी नाणी वितळवून नवी पाडली, की दर खेपेस थोडं जस्त उडून जाई. सम्राट ऑगस्टसच्या पितळी नाण्यांत ते 20 टक्क्यांहून जास्त सापडतं. फाउस्टिनाच्या काळापर्यंत ते बरंच उतरलं होतं, आणि तिसऱ्या शतकात त्याची जागा कथील आणि शिसं घेत गेलं.

मातीत पुरलेल्या नाण्याच्या पृष्ठभागातूनही आधी जस्तच निघून जातं. त्यामुळे नुसते वरून क्ष-किरण टाकून केलेलं मोजमाप फसवं ठरतं. आतल्या धातूचा चुरा काढून तपासावा लागतो. त्यासाठी बारीक भोक पाडतात ते नाण्याच्या कडेला, म्हणजे सम्राज्ञीलाही धक्का लागत नाही आणि देवीलाही.