जवसाचं तेल आणि माणसाचा चेहरा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, मोबाइलवर क्षणात हुबेहूब फोटो निघतो. मग पाचशे वर्षांपूर्वीच्या व्यक्तिचित्रांचं एवढं कौतुक कशाला?" प्रश्न रास्त आहे. आज तिथूनच सुरुवात करू.

आधी तंत्र. युरोपात पूर्वी अंड्याच्या बलकात रंग कालवत. तो काही मिनिटांत वाळतो, त्यामुळे गालावरची सावली बारीक रेघा ओढून दाखवावी लागे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि त्याला दिवसच्या दिवस लागतात. म्हणजे चित्रकाराला रंग एकमेकांत मिसळायला, पुन्हा पाहायला, दुरुस्त करायला वेळ मिळाला.

तुमच्यापैकी काही जणांनी इथल्या कारखान्यांच्या पेंट शॉपमध्ये उभी हयात घालवली आहे. प्रायमर, बेस कोट, क्लिअर कोट मी तुम्हाला काय सांगणार! तैलचित्रातही पांढऱ्या अस्तरावर रंगाचे पातळ, पारदर्शक थर चढवत. उजेड त्यांतून आत जातो, अस्तरावरून परत येतो. म्हणून ती त्वचा आतून उजळल्यासारखी वाटते.

यान व्हॅन आयकचं १४३३ सालचं लाल पागोट्यातल्या माणसाचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात हनुवटीवरचे दाढीचे खुंट दिसतात, डोळ्यातली लाली दिसते. लिओनार्दोनं मोनालिसाच्या ओठांच्या कोपऱ्याला मात्र रेघच ठेवली नाही. ते हास्य कुठे सुरू होतं, सांगता येत नाही. मी दोघांनाही वास्तववादी म्हणेन. एकानं दिसलं ते सगळं सांगितलं, दुसऱ्यानं जे धूसर होतं ते धूसरच ठेवलं.

आपल्याकडे ही विद्या रुजवण्यात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा (स्थापना १८५७) मोठा वाटा. गोव्यातल्या सांग्याचे त्रिंदाद (१८७०–१९३५) तिथेच शिकले आणि तिथेच शिकवू लागले. त्यांना 'पूर्वेचा रेम्ब्रांट' म्हणत. पणजीला गेलात तर फुंदासांव ओरिएंतमध्ये त्यांची चित्रं जरूर पाहा.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. फोटोला क्षण पुरतो. या चित्रांमागे कुणीतरी एका चेहऱ्याकडे दिवसेंदिवस पाहिलेलं असतं. व्हॅन आयकनं चौकटीवर 'मला जमेल तसं' अशा अर्थाचे शब्द लिहिले आहेत. इतकं पाहूनही तो एवढंच म्हणतो!

माझ्या आईचे घरात ढीगभर फोटो आहेत. पण ती असताना तिच्या चेहऱ्याकडे मी सलग दहा मिनिटं कधी पाहिलं, आठवत नाही. तुमच्या घरी कुणी वडीलधारं असेल, तर आज पाहा.