टॅबमधली मराठी आणि गावचे वाचनालय

पावसाळ्यात खानापूरकडच्या गावांत पेपर वेळेवर पोहोचेल याची हमी कुणी देत नाही. पहिली बस चुकली तर पेपर दुपारी, आणि ओढ्याला पाणी आले तर दुसऱ्या दिवशी. गेल्या जुलैत अशाच एका सकाळी आम्ही एका निवृत्त गुरुजींच्या घरी गेलो, तर गुरुजी सोप्यात बसून अग्रलेख वाचत होते. पेपर आलाच नव्हता. मांडीवर होता टॅब, पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने चतुर्थीला येताना आणून दिलेला. डोळ्याचे ऑपरेशन झाल्यापासून गुरुजींचे वाचन सुटले होते. आता अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, म्हणून ते पुन्हा सुरू झाले.

गावागावांत मराठी वाचायला काय मिळते, कुठे मिळते आणि किती दिवस मिळेल, हा आम्हा सीमावासीयांच्या रोजच्या काळजीचा विषय आहे. तेव्हा हे पाटीएवढे यंत्र आपल्या किती कामाचे, याचा हिशेब मांडलाच पाहिजे.

वाचनासाठीचे किंडल हे यंत्र अमेरिकेत २००७ साली विक्रीला आले आणि २०१० साली आयपॅड आला. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब आणला. त्याचा गाजावाजा मोठा झाला, पण तो फार चालला नाही. किंडलवर मराठी पुस्तकांची रीतसर विक्री सुरू झाली ती डिसेंबर २०१६ मध्ये. हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्याबरोबर. म्हणजे इंग्रजी वाचकाला जे मिळाले, त्यासाठी मराठी वाचकाला नऊ वर्षे थांबावे लागले.

उशीर का झाला, याचे एक कारण आमच्या घरातच सापडले. १९९० नंतरच्या दशकात आम्ही संगणकावर लिहिलेल्या काही लेखांच्या फायली जपून ठेवल्या होत्या. त्या टॅबवर उघडून पाहिल्या, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि भलभलती चिन्हे! त्या काळी प्रत्येक फाँट बनवणारा आपापल्या सोयीने अक्षरांना क्रमांक देत असे. एकाचा 'क' दुसऱ्याकडे 'ळ' व्हायचा. तो फाँट गेला की मजकूरही गेला. युनिकोडने जगातल्या प्रत्येक लिपीतल्या अक्षराला एकच कायमचा क्रमांक दिला. देवनागरीला त्यात १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण आपल्याकडचे छापखाने आणि कचेऱ्या तिकडे वळायला पुढची कित्येक वर्षे गेली. ज्यांच्याकडे अशा जुन्या फायली पडून आहेत, त्यांनी त्या जाणकाराकडून आताच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. नाहीतर कागद शिल्लक आणि मजकूर गायब, असा उलटा प्रकार होईल.

आता फायद्याचे बोलू. मराठी विश्वकोशाचे वीस खंड ठेवायला गावच्या वाचनालयात कपाट नाही, पण तो टॅबवर फुकट वाचता येतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही तसाच खुला आहे. मोल्सवर्थचा १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाने सर्वांसाठी उघडे ठेवले आहेत. आजीच्या तोंडी असलेला, शाळेच्या पुस्तकात न आढळणारा एखादा शब्द नातवाने त्यात शोधून पाहावा. तो सापडला, की आपली बोली गावठी नसून जुनी आहे, हे पोराला वेगळे सांगावे लागत नाही.

शिवाय आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचे होते. हरिभाऊ आपटे आणि राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५० साली. त्यांची पुस्तके उतरवून घेण्यात चोरी नाही. मात्र आज हयात असलेल्या लेखकाची कादंबरी व्हॉट्सॲपवर फुकट फिरवणे ही चोरीच आहे. मराठीचा अभिमान सांगायचा आणि मराठी लेखकाच्या पोटावर पाय द्यायचा, हे जमायचे नाही.

वापरण्याची रीत थोडी समजून घ्यावी. टॅबवरची पुस्तके मुख्यतः दोन प्रकारची असतात. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा जसाच्या तसा फोटो. अक्षर मोठे केले की पान बाहेर पळते आणि ते बोटाने सरकवत बसावे लागते. ईपबमध्ये अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. म्हाताऱ्या डोळ्यांना ईपबच बरे. फोटो काढलेले जुने पुस्तक पुष्कळ जागा खाते, तर नुसत्या मजकुराची कादंबरी फारच थोडक्यात मावते. गावात रेंज नसेल तर बाजाराच्या दिवशी बेळगावात किंवा निपाणीत पुस्तके आणि पेपर उतरवून घ्यावेत. मग घरी रेंजशिवाय वाचता येतात. सलग तास-दोन तास डोळे लावून बसू नये. टॅबकडे पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. मधून मधून लांबच्या झाडाकडे पाहावे.

आमचा खरा जीव अडकला आहे तो पोरांत. घरात मराठी बोलणारी, पण शाळा इंग्रजी किंवा कन्नड माध्यमाची, अशी मुले आज गल्लोगल्ली आहेत. त्यांना मराठी कळते, पण वाचायला दिले की अडखळतात. टॅब मजकूर मोठ्याने वाचूनही दाखवू शकतो. ओळीवर बोट आणि कानावर शब्द, असे रोज पंधरा मिनिटे झाले तरी अडखळणे कमी होते. त्याच टॅबवर कन्नडही वाचता येते आणि मुलांनी ते वाचावेही. शेजारच्या भाषेशी आमचे भांडण नाही. आपली भाषा घरातून जाऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.

आता दुसरी बाजू. कागदी पुस्तक विकत घेतले की ते आपले. ते गल्लीभर फिरते आणि पाने निखळेपर्यंत दहा घरी वाचले जाते. टॅबवरचे विकतचे पुस्तक बहुधा वाचण्याच्या परवानगीपुरतेच आपले असते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी लोकांनी पैसे मोजून घेतलेली असतानाही त्यांच्या यंत्रांतून दूरवरून काढून टाकली. विकणाऱ्याला हक्क नसताना ती विकली गेली होती. पैसे परत मिळाले आणि कंपनीने माफीही मागितली. पण गावच्या कपाटातले पुस्तक असे रातोरात कुणाला नेता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, हे टॅब क्षणात सांगेल. पण आपल्या गावच्या वाचनालयाची पहिली घटना, मंडळाच्या स्मरणिका, १९५६ नंतरच्या सीमालढ्यातली पत्रके, कडोली-उचगावच्या साहित्य संमेलनांत झालेली भाषणे, यांतले किती तिथे सापडेल? जे कुणी चढवले, तेच टॅबमध्ये आहे. आपले कागद आपल्याच कपाटात आहेत आणि वाळवीला भाषेचे प्रेम नसते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. आता प्रत्येक वाचनालयाने वर्गणी काढून एक टॅब घ्यावा. सकाळी त्यावर म्हाताऱ्यांनी पेपर वाचावा आणि संध्याकाळी पोरांनी गोष्टी. रविवारी चार जाणत्या पोरांनी जुन्या स्मरणिकांच्या पानांचे स्वच्छ फोटो काढून दोन-तीन ठिकाणी जपून ठेवावेत. मात्र कागदी पेपर आणि पुस्तकांचे कपाट बंद करू नये. वीज गेली, की त्यांचाच आधार असतो.

त्या दिवशी दुपारी पाऊस उघडला आणि पेपर आला. गुरुजींनी टॅब बाजूला ठेवून पेपर उचलला. सकाळी वाचून झालेलाच मजकूर चष्मा लावून पुन्हा पाहिला आणि पेपर शेजारच्या घरी पाठवून दिला.