पासवर्ड तिथे नसतोच!

पोलादपूर तालुक्यातलं निम्मं गाव मुंबईत असतं. तिथला चाकरमानी आता सातबाऱ्यासाठी रजा टाकून येत नाही. महाभूमीच्या पोर्टलवर लॉगिन करतो, 15 रुपये भरतो, डिजिटल सहीचा उतारा उतरवून घेतो. समोर तलाठी नाही, मग ओळख पटते कशी? आपल्याला वाटतं, आत सगळ्यांच्या पासवर्डची एखादी वही असणार. नीट बांधलेल्या कुठल्याही वेबसाइटकडे अशी वही नसतेच!

समजा, खातं उघडताना तुम्ही ‘रायगड1674’ लिहिलंत (लिहू नका, महाडात तो पहिल्याच फटक्यात ओळखतील). सर्व्हर त्यावर एक गणित चालवतो आणि हाती येते अक्षर-आकड्यांची निरर्थक माळ, म्हणजे हॅश. साठवतात ती फक्त माळ. एसएचए-256 या पद्धतीत शब्द द्या नाहीतर अख्खी कादंबरी, माळ 64 चिन्हांचीच. शेवटच्या 4 चा 5 करा, सगळी माळ पालटते. माळेवरून मागे पासवर्डाकडे जायला मात्र वाट नाही. पुढच्या लॉगिनला तेच गणित पुन्हा होतं; माळा जुळल्या की आत. ‘पासवर्ड विसरलात?’ म्हटल्यावर नवाच ठेवायला लावतात ते यामुळे. जुना त्यांनाही ठाऊक नसतो.

पण चोर दारातून येतोच कशाला? रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर हिरकणी कडा उतरून गेली आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधला, असं सांगतात. इथला कडा म्हणजे ही माळांची यादी. ती पळवायची आणि घरबसल्या कोट्यवधी शब्दांची गणितं करून जुळवत राहायचं. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्स या संगणक-प्रणालीत इथे बांधलेला बुरूज 1979 च्या त्यांच्या लेखात सापडतो: प्रत्येक पासवर्डात वेगवेगळी भर, सॉल्ट. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी माळा वेगळ्या, म्हणून चोराला दर खात्यामागे नव्याने मेहनत. शिवाय गणितच मुद्दाम रेंगाळतं केलं. 1999 च्या बीक्रिप्ट या हॅश-पद्धतीत तर ते हवं तेवढं संथ करता येतं. संगणकाच्या दुनियेत संथपणाचं असं कौतुक विरळाच.

पासवर्ड जुळून आत आलात, तरी ओळख टिकवावी लागतेच. वेब मुळात विसरभोळं, त्याला प्रत्येक क्लिकला तुम्ही नवे. यावर 1994 मध्ये नेटस्केप कंपनीच्या लू मोंटुली यांनी कुकी काढली. लॉगिन होताच सर्व्हर ब्राउझरला एक लांबलचक, अंदाज न बांधता येणारा आकडा देतो आणि ब्राउझर तो दर वेळी मुकाट्याने दाखवतो. आकडा ज्याच्या हाती, तो ‘तुम्ही’. लॉगआउट केलं की सर्व्हर तो रद्द करतो. महाडच्या सायबर कॅफेत नुसती खिडकी बंद करून उठलात, तर पुढच्या गिऱ्हाइकाला तुमचं खातं पासवर्डाशिवाय उघडं सापडू शकतं.